चमकी, मेलोट्रॉन आणि एक चुकीचं भांडण

१९७०च्या आसपासच्या ब्रिटिश रॉक संगीताचा विषय निघाला की जाणकार श्रोत्यांमध्ये हमखास दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं असं, की १९६७ नंतर रॉकमध्ये जे काही टिकाऊ घडलं ते किंग क्रिमसन, येस, जेनेसिस, पिंक फ्लॉइड या लांब, गुंतागुंतीच्या रचना करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह (थोडक्यात ‘प्रोग’) मंडळींनी घडवलं; ग्लॅम रॉक म्हणजे शाळकरी मुलींसाठी केलेली रंगरंगोटी. दुसऱ्या तटाच्या मते प्रोग हा फाजील शिकलेल्या पोरांचा फुगारा, आणि रॉकची खरी धग टी. रेक्स, बोवी, स्लेड यांच्या तीन मिनिटांच्या गाण्यांत. मग तिसरा कोणी तरी येतो आणि सांगतो, की दोन्ही कुजलेलंच होतं, १९७६-७७ मध्ये पंक आलं आणि त्याने सगळं झाडून काढलं. वर्षानुवर्षं हा वाद याच तीन वाक्यांभोवती फिरतो आहे. तिघांनीही एक समज न तपासता गृहीत धरला आहे: कलावंत जितका साधा, जितका उघडा, तितका तो खरा. कोणी म्हणतो चेहऱ्याला रंग लावला म्हणून खोटा, कोणी म्हणतो गाणं वीस मिनिटं लांबवलं म्हणून खोटा. माझं म्हणणं असं, की ग्लॅम आणि प्रोग हे एकाच प्रयोगातून निघाले, त्याच स्टुडिओंत वाढले, आणि बऱ्याचदा त्याच माणसांच्या हातून घडले. त्यांना एकमेकांविरुद्ध उभं केलं की दोघांचंही नीट ऐकू येईनासं होतं.

आधी तो प्रयोग, म्हणजे सायकेडेलिया, काय होता ते पाहू. सायकेडेलिया म्हटलं की एलएसडी, रंगीबेरंगी पोस्टरं आणि सतार एवढंच डोळ्यांसमोर येतं. संगीताच्या बाजूने पाहिलं तर खरी घटना स्टुडिओत घडली. एप्रिल १९६६ मध्ये बीटल्सनी ॲबी रोडवर ‘रिव्हॉल्व्हर’चं काम सुरू केलं ते ‘टुमॉरो नेव्हर नोज’ या गाण्यापासून. जवळजवळ एकाच कॉर्डवर उभं असलेलं गाणं, त्यात टेपचे तुकडे जोडून केलेली वळी फिरताहेत, आणि लेननचा आवाज हॅमंड ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलेला. चार माणसं मंचावर उभी राहून हे वाजवूच शकत नव्हती. त्याच वर्षी २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोतल्या कँडलस्टिक पार्कवर त्यांनी शेवटचा जाहीर दौऱ्याचा कार्यक्रम केला आणि दौरे बंद केले. तोवर रेकॉर्ड म्हणजे मुख्यतः मैफलीचं ध्वनिमुद्रण होतं. आता रेकॉर्ड हीच मूळ वस्तू झाली. ही गोष्ट एकदा घडल्यावर दोन प्रश्न उघडे पडले, आणि पुढची दहा वर्षं ब्रिटिश रॉक त्यांचीच उत्तरं शोधत होतं. गाणं किती मोठं, किती गुंतागुंतीचं असू शकतं? आणि गाणारा कोण असू शकतो?

हे दोन्ही प्रश्न एकाच एलपीत शेजारीशेजारी सापडतात. १९६७च्या ‘सार्जंट पेपर’मध्ये बीटल्सनी बीटल्स असणं सोडून दिलं. साटिनचे झगझगीत गणवेश चढवून ते एका काल्पनिक बँडच्या नावाने समोर आले. त्याच रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यात चाळीस वादकांचा वाद्यवृंद तळापासून वर चढत जातो, दोन वेगळ्या अपुऱ्या गाण्यांना सांधतो, आणि मध्ये टाळ्यांसाठी जागा न सोडता एक बाजू सलग ऐकायची सवय श्रोत्याला लागते. प्रोगवाले ‘सार्जंट पेपर’मधला वाद्यवृंद उचलून म्हणतात, हा आमचा पूर्वज. ग्लॅमवाले साटिन उचलून तेच म्हणतात. दोघांचंही बरोबर आहे. पाच वर्षांनी, जून १९७२ मध्ये, डेव्हिड बोवीने झिगी स्टारडस्ट नावाचा परग्रहाशी नातं सांगणारा गायक आणि त्याचा काल्पनिक बँड उभा केला, तेव्हा त्याने ‘सार्जंट पेपर’मधली अर्धी कल्पना टोकाला नेली. उरलेली अर्धी तोवर येस आणि जेनेसिस टोकाला नेत होते.

लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडवर एका आयरिश नाचघराच्या तळघरात डिसेंबर १९६६ मध्ये यूएफओ क्लब सुरू झाला. पिंक फ्लॉइड आणि सॉफ्ट मशीन हे तिथले नेहमीचे बँड. मंचावर तेलाच्या रंगीत थेंबांच्या स्लाइड्सचा उजेड वादकांच्या अंगावर पाडत. त्या उजेडात चेहरे विरघळून जात. कोण गिटार वाजवतो आहे हे कळू नये, सगळा मंच एकच हलता रंग दिसावा, अशी ती मांडणी होती. पिंक फ्लॉइडचा गायक आणि गीतकार सिड बॅरेट तेव्हा दोन गोष्टी एकदम करत होता: परीकथेसारखी छोटी, टोकदार गाणी लिहायची, आणि मंचावर त्यांना वीस वीस मिनिटांच्या अवकाशात सोडून द्यायचं. एप्रिल १९६८ मध्ये तो बँडमधून बाहेर पडल्यावर या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. अवकाश उरलेल्या पिंक फ्लॉइडकडे राहिला, आणि त्यातून १९७१ मध्ये ‘एकोज’ची तेवीस मिनिटं निघाली. छोटी टोकदार गाणी, तो किंचित नाटकी इंग्लिश आवाज, ते सुंदर आणि विस्कटलेलं ध्यान हे बोवीने उचललं. १९७३ मध्ये त्याने बॅरेटचं एक गाणं स्वतःच्या रेकॉर्डवर गायलंही. एकाच माणसाचा वारसा दोन घरांत वाटला गेला, हे इतकं ढळढळीत दिसत असताना ती घरं एकमेकांची वैरी कशी ठरतात?

मार्क बोलनचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. १९६८ मध्ये त्याची जोडी टायरॅनोसॉरस रेक्स या लांबलचक नावाने वाजवत असे: अकूस्टिक गिटार, बोंगो, आणि जमिनीवर मांडी घालून बसलेला बोलन जादूगार, परी आणि हरवलेल्या राज्यांची गाणी गातो आहे. हिप्पी श्रोत्यांचा तो लाडका होता, रेडिओवर जॉन पील त्याची पाठराखण करत असे. १९७० मध्ये नाव टी. रेक्स झालं, हातात इलेक्ट्रिक गिटार आली आणि ‘राइड अ व्हाइट स्वॉन’ ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. पुढच्या वर्षी टीव्हीवर त्याने गालावर चमकी लावली आणि ग्लॅमला तोंडवळा मिळाला. जुन्या चाहत्यांनी गद्दारीचा आरोप केला, पीलही पुढे दुरावला. पण ‘व्हाइट स्वॉन’चे शब्द नीट ऐका. त्यात ड्रुइड आहेत, मंत्रतंत्र आहेत, तीच परीकथा आहे. खालची लय बदलली, निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी तोच राहिला. माझ्या मते बोलनने काहीही सोडलं नाही. तळघरातल्या रंगीत उजेडात जे विरघळत होतं ते त्याने एका चेहऱ्यावर गोळा केलं.

आता माणसांकडे पाहू, कारण या वादात सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्यांच्याकडेच होतं. बोलनचा आणि बोवीचा निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी. त्यानेच १९७० आणि १९७१ मध्ये जेंटल जायंट या बँडच्या पहिल्या दोन एलपींची निर्मिती केली, आणि जेंटल जायंटइतका किचकट, मध्ययुगीन स्वररचनांशी खेळणारा प्रोग बँड दुसरा क्वचितच असेल. बोवीच्या ‘स्पेस ऑडिटी’वर १९६९ मध्ये मेलोट्रॉन हे पट्ट्यांचं वाद्य वाजवणारा रिक वेकमन. ‘लाइफ ऑन मार्स’चा पियानो त्याचाच, टी. रेक्सच्या ‘गेट इट ऑन’वरच्या पियानोच्या घसरत्या मींडाही त्याच्याच, आणि १९७१ मध्ये येसमध्ये जाऊन झगा घालून कीबोर्डच्या भिंतीमागे उभा राहिला तोही वेकमनच. किंग क्रिमसनला गायक हवा होता तेव्हा चाचणीला आलेल्यांत ब्रायन फेरी होता. त्याला घेतलं नाही, पण त्या बँडमधल्या रॉबर्ट फ्रिप आणि पीट सिनफिल्ड यांनी त्याचं नाव आपल्याच व्यवस्थापकांकडे सुचवलं. त्यातून फेरीच्या रॉक्सी म्युझिक या ग्लॅम बँडला आधार मिळाला, आणि १९७२ मध्ये त्यांच्या पहिल्या एलपीची निर्मिती केली ती किंग क्रिमसनची गीतं लिहिणाऱ्या सिनफिल्डने. रॉक्सीतून आधीच बाहेर पडलेल्या ब्रायन ईनोने १९७४ मध्ये जेनेसिसच्या ‘लॅम्ब’ या दुहेरी एलपीवर आवाजांची प्रक्रिया करून दिली आणि परतफेड म्हणून जेनेसिसचा ड्रमर फिल कॉलिन्स ईनोच्या रेकॉर्डवर वाजवून आला. १९७७ मध्ये बर्लिनला बोवीच्या ‘हीरोज’वर ती लांबवर ताणलेली, न तुटणारी गिटार वाजवली ती फ्रिपने.

वाद्यं हेच सांगतात. मेलोट्रॉन हे बर्मिंगहॅमजवळ तयार होणारं वाद्य. प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत. पट्टी दाबली की त्या फितीवरचा बासरीचा, व्हायोलिनचा किंवा गायकवृंदाचा सूर साधारण आठ सेकंद वाजणार, मग फीत संपणार. मूडी ब्लूज या बँडचा माइक पिंडर आधी याच कारखान्यात कामाला होता. बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’च्या सुरुवातीची बासरी या वाद्याची, १९६९ मध्ये किंग क्रिमसनच्या पहिल्या एलपीवर अंगावर येणारा तंतुवाद्यांचा लोंढा याच वाद्याचा, आणि त्याच वर्षीच्या बोवीच्या अंतराळवीरामागची थंड पोकळीही याचीच. आठ सेकंदांच्या फितीत सायकेडेलिया कुठे संपतो, प्रोग कुठे सुरू होतो आणि ग्लॅमची चाहूल कुठे लागते, ते मला कोणी दाखवून द्यावं.

मग ही भिंत आली कुठून? माझ्या मते ती बाजाराने आणि प्रसारमाध्यमांनी घातली. सिंगल, म्हणजे एकेका गाण्याची छोटी रेकॉर्ड, विकत घेणारे वेगळे, एलपी विकत घेणारे वेगळे, असा हिशेब कंपन्यांनी मांडला. बीबीसीवर ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा सिंगल्सचा कार्यक्रम होता. १९७१ मध्ये ‘ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ सुरू झाला, तो गंभीर एलपी ऐकणाऱ्यांसाठी. १९७३ मध्ये याच दुसऱ्या कार्यक्रमात न्यूयॉर्क डॉल्स हा अमेरिकन बँड लिपस्टिक लावून आणि उंच टाचांचे बूट घालून वाजवून गेला, आणि निवेदक बॉब हॅरिसने तिथल्या तिथे त्यांना रॉकची नक्कल ठरवून मोडीत काढलं. चारच वर्षांत त्याच डॉल्सना पंकचे पूर्वज म्हणून मान मिळाला. या विभागणीत एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. सिंगल विकत घेणाऱ्यांत, टीव्हीसमोर नाचणाऱ्यांत मुली मोठ्या संख्येने होत्या. एलपी घेऊन खोलीत बसणारे बहुतेक मुलगे. मुलींना आवडतं ते उथळ, मुलग्यांना आवडतं ते गहन, हा निवाडा संगीत ऐकण्याआधीच झालेला होता. १९६४ मध्ये बीटल्सच्या श्रोत्या मुलीच होत्या, हे तोवर सोयीस्करपणे विसरलं गेलं होतं.

आता विरुद्ध बाजूच्या मुद्द्यांकडे, आणि त्यातले जे सगळ्यात वजनदार आहेत त्यांच्याकडेच. पहिला मुद्दा काळ्या संगीताचा. रॉक जन्मलं ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज आणि रिदम अँड ब्लूजमधून. प्रोगने ब्लूजला बाजूला सारून युरोपीय अभिजात संगीताचा हात धरला, आणि त्यातून आपलं संगीत ‘वरच्या दर्जाचं’ झालं असा समज पसरला. ही टीका खरी आहे. सिम्फनी वरची आणि ब्लूज खालचा ही उतरंड त्या काळच्या कौतुकात सर्रास दिसते, आणि १९६६ ते १९७० या काळात लंडनच्या सायकेडेलियाला ज्याने अक्षरशः पेटवलं त्या जिमी हेंड्रिक्सला प्रोगच्या वंशावळीत क्वचितच जागा मिळते. हे मान्य करूनही दोन गोष्टी सांगाव्या लागतील. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सरे आणि केंटमधले गोरे मुलगे मिसिसिपीतल्या शेतमजुराच्या उच्चारात गात होते; १९६९ नंतर काहींनी ते थांबवलं आणि शाळेतली प्रार्थना, चर्चचा गायकवृंद, आजीच्या घरचा पियानो यांतून आपला सूर काढला. यात प्रामाणिकपणा कमी कसा? शिवाय ब्लूजशी नाळ तुटलीच नव्हती. पिंक फ्लॉइडचं नावच पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन ब्लूज गायकांवरून घेतलेलं आहे, आणि ‘मनी’ हे त्यांचं गाणं सात मात्रांत बसवलेला ब्लूजच आहे. ‘गेट इट ऑन’ तर चक बेरीच्या गाण्यावर बेतलेलं, आणि शेवटी बोलन चक बेरीची ओळ गुणगुणून ते ऋण मोकळेपणाने मान्य करतो.

याला लागून वर्गाचा मुद्दा येतो: प्रोग म्हणजे श्रीमंत शाळांतल्या पोरांचा उद्योग, ग्लॅम कामगारांचं. जेनेसिस चार्टरहाउससारख्या महागड्या शाळेत जन्मला हे खरं. पण येसचा जॉन अँडरसन लँकेशरमधल्या ॲक्रिंग्टन या गिरणगावचा. उलट ग्लॅममधला सगळ्यात उंची पोशाखातला माणूस, ब्रायन फेरी, डरॅमच्या कोळसापट्ट्यातला; त्याचे वडील खाणीतल्या तट्टांची निगा राखत. न्यूकॅसल विद्यापीठात चित्रकार रिचर्ड हॅमिल्टनच्या हाताखाली तो कला शिकला. लेनन लिव्हरपूलच्या कला महाविद्यालयातला, बॅरेट कॅम्बरवेलचा, ईनो विंचेस्टरचा, ‘द हू’ बँडचा पीट टाउनशेंड ईलिंगचा. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये सरकारी अनुदानावर चालणाऱ्या या कलाशाळांनी वेगवेगळ्या थरांतली मुलं एका वर्गात आणून बसवली आणि त्यांना शिकवलं, की कल्पना आधी, कारागिरी नंतर. आणि तुझं दिसणं हाही तुझ्या कलाकृतीचाच भाग. ग्लॅम आणि प्रोगमधला समान धागा शोधायचा तर या कलाशाळांच्या पटावर शोधावा. बँकेच्या खात्यांवरून तो सापडायचा नाही.

दुसरा मुद्दा अतिरेकाचा, आणि इथे मी प्रोगच्या बाजूने खोटी वकिली करणार नाही. १९७५ मध्ये वेकमनने राजा आर्थरची कथा वेम्बलीला बर्फावर, स्केटिंग करणाऱ्या सरदारांसह सादर केली. १९७७ मध्ये इमर्सन, लेक अँड पामर अख्खा वाद्यवृंद घेऊन दौऱ्यावर निघाले आणि तो खर्च त्यांना झेपला नाही. भारतीय वाचकाला विशेष खटकावी अशी रेकॉर्ड येसची: डिसेंबर १९७३ मधली ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’. जॉन अँडरसनने परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातली शास्त्रांच्या चार प्रकारांविषयीची एक तळटीप वाचली, आणि श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र अशा चार भागांत, एका बाजूला एक याप्रमाणे, सुमारे ऐंशी मिनिटांचं संगीत उभं केलं. एका तळटिपेवर! ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली, आणि वेकमनच तिला कंटाळून १९७४ मध्ये बँड सोडून गेला. माझा आक्षेप तिच्या लांबीवर नाही, शास्त्रांच्या उसनवारीवरही नाही. त्या चार संज्ञांमधला फरक संगीतात कुठेच उतरत नाही, हा आहे. श्रुतीचा भाग आणि स्मृतीचा भाग यांची अदलाबदल केली तरी काहीही बिघडत नाही. ‘एकोज’मध्ये तसं करून पाहा: पहिल्या ‘पिंग’ने उघडलेली जागा शेवटी परत यायलाच हवी, मधला वाऱ्याचा आणि किंकाळ्यांचा भाग काढला तर ते परत येणं फुकट जातं. लांबी हा दोष ठरवायचा तर आपल्याला विलंबित ख्यालही टाकून द्यावा लागेल. प्रश्न एवढाच विचारावा: ही लांबी रचनेला लागते आहे का?

ग्लॅमचा अतिरेक वेगळ्या जातीचा. चिन आणि चॅपमन ही गीतकार जोडी स्वीट, मड, सूझी क्वाट्रो यांना एकापाठोपाठ एक सिंगल्स पुरवत होती, आणि त्यातली बरीच गाणी एकाच साच्यातली आहेत. जानेवारी ते मार्च १९७४ मध्ये कोळसा-टंचाईमुळे ब्रिटनमधले कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालत होते, आणि त्याच्या आदल्या महिन्यात स्लेडचं नाताळचं गाणं पहिल्या क्रमांकावर होतं. अंधारलेल्या घरांतल्या लोकांना भुलवण्याचा हा धंदा, असं म्हणणारे आहेत. असेल. पण वीज जाणाऱ्या हिवाळ्यात वॉल्व्हरहॅम्प्टनकडची चार पोरं आरशांनी मढवलेली टोपी घालून घसा फोडून गातात आणि अख्खा देश त्यांच्याबरोबर गातो, यात मला फसवणूक दिसत नाही.

तिसरा मुद्दा मुखवट्याचा, आणि तो सगळ्यात जुना. रंग लावला की माणूस खोटा होतो का? ज्या मराठी रसिकांच्या आजोबांनी बालगंधर्वांना शालू नेसून भास्करबुवा बखल्यांच्या चाली गाताना ऐकलं, त्यांना हा प्रश्न पडू नये. १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये रुक्मिणीचा शृंगार आणि ख्यालाच्या अंगाची पदं एकाच देहात होती, शृंगारामुळे गाणं खोटं झालं असं त्या प्रेक्षकाला वाटलं नाही. १९७२च्या ब्रिटनमध्ये तर मुखवट्याला जास्तच गंभीर अर्थ होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले ते १९६७ मध्ये, तेही एकवीस वर्षांवरील पुरुषांपुरते आणि खासगीतले. जानेवारी १९७२ मध्ये बोवीने ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकात आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. जुलैत टीव्हीवर ‘स्टारमन’ गाताना त्याने गिटारवादक मिक रॉन्सनच्या खांद्यावर सहज हात टाकला, आणि खेड्यापाड्यांतल्या, उपनगरांतल्या कितीतरी मुलामुलींना पहिल्यांदा कळलं की आपण एकटे नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डब्लिनला जेनेसिसचा पीटर गॅब्रिएल बायकोचा लाल झगा आणि कोल्ह्याचं डोकं घालून मंचावर आला. बोवीच्या केसांना ग्लॅम म्हणायचं आणि गॅब्रिएलच्या कोल्ह्याला प्रोग, हा भेद मला तरी पाळता येत नाही.

आणि पंक? साधं तेच खरं हा सिद्धान्त काही १९७६ मध्ये जन्मला नाही. १७५२ मध्ये पॅरिसला पेर्गोलेसी या संगीतकाराचा एक छोटा इटालियन विनोदी ऑपेरा आला आणि शहरात पत्रकांचं युद्ध पेटलं. तत्त्वज्ञ रूसोने इटालियन सुरावटींचा साधेपणा उचलून धरला आणि फ्रेंच संगीतकार रामोच्या हार्मनीच्या पांडित्यावर झोड उठवली. वाद काही वर्षांत विझला. आज पेर्गोलेसीही वाजतो, रामोही वाजतो. पंकचा दावा याच जातीचा होता, आणि त्याचा पुरावा त्याहून कच्चा. ‘आय हेट पिंक फ्लॉइड’ लिहिलेला शर्ट घालणाऱ्या, सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या जॉन लायडनने जुलै १९७७ मध्ये कॅपिटल रेडिओवर आपल्या आवडीच्या रेकॉर्ड्स लावल्या, तेव्हा त्यांत व्हॅन डर ग्राफ जनरेटर या प्रोग बँडचा पीटर हॅमिल होता. डॅम्ड या पंक बँडला आपल्या दुसऱ्या एलपीसाठी निर्माता म्हणून सिड बॅरेट हवा होता. तो मिळाला नाही, तेव्हा पिंक फ्लॉइडचाच ड्रमर निक मेसन आला. स्वच्छतेची ही मोहीम ज्यांच्याविरुद्ध होती त्यांचंच सामान वापरून चालली होती. प्रोग तरी कुठे मेला? पिंक फ्लॉइडची ‘द वॉल’ १९७९ मधली आहे.

या सगळ्या विभागण्या जिथे उघड्या पडतात तो बँड म्हणजे क्वीन. झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बल्सारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढला, तिथेच हेक्टिक्स नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवू लागला, आणि नंतर ईलिंगच्या कलाशाळेत ग्राफिक डिझाइन शिकून फ्रेडी मर्क्युरी झाला. १९७४ च्या ‘क्वीन टू’च्या दोन बाजूंना ‘पांढरी’ आणि ‘काळी’ अशी नावं आहेत, काळ्या बाजूवर परीकथा, एकमेकांत मिसळणारी गाणी, आवाजांचे थरांवर थर. ही प्रोगची रचना, ग्लॅमच्या अंगरख्यात. पुढच्या वर्षीचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ सहा मिनिटांना पाच सेकंद कमी, ध्रुवपद नाही, मध्ये ऑपेराची नक्कल, आणि तरी ते सिंगल म्हणून नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. गाणं किती मोठं असू शकतं आणि गाणारा कोण असू शकतो, या दोन्ही प्रश्नांना मर्क्युरीने एकाच दमात उत्तर दिलं. त्याचे चाहते कोणत्या तटात बसवायचे?

ज्यांना अजूनही भिंत हवी आहे त्यांनी मार्च १९७३ या एका महिन्याकडे पाहावं. त्या महिन्यात पिंक फ्लॉइडची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आली आणि रॉक्सी म्युझिकची ‘फॉर युअर प्लेझर’ही आली. दोन्हींवर ख्रिस थॉमस या एका माणसाने काम केलं. पहिलीच्या मिश्रणावर त्याची देखरेख होती, दुसरीच्या निर्मितीत त्याचा वाटा. त्याआधी बीटल्सच्या १९६८च्या दुहेरी एलपीवर तो त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिन याचा मदतनीस होता, आणि १९७७ मध्ये सेक्स पिस्टल्सचा एकमेव एलपीही त्यानेच घडवला. ‘फॉर युअर प्लेझर’वर एक गाणं आहे: महागड्या, निर्जीव घरात राहणारा एक माणूस रबरी बाहुलीवर प्रेम करतो आहे. फेरी ते जवळजवळ बोलत, थंडपणे म्हणतो. तालवाद्यं बराच वेळ गप्प असतात. मग सगळं एकदम फुटतं, गिटार उसळते, आवाज मावळत जातो, संपला असं वाटतं, आणि तो परत येतो तेव्हा त्यावर १९६७ मधल्या रेकॉर्ड्सवर घुमायचं तसं फेझिंगचं, म्हणजे आवाज गोल फिरत असल्याचा भास देणारं, चक्र फिरत असतं. विषय चैनीचा आणि दिखाव्याचा, रचना दोन अंकी नाटकासारखी, शेवटचा रंग सायकेडेलियाचा, आणि अवघी साडेपाच मिनिटं. ‘द डार्क साइड’ अनेकांच्या संग्रही असते, ‘फॉर युअर प्लेझर’ फार थोड्यांच्या. त्या दोन्ही एकदा लागोपाठ ऐकाव्यात, आधी एक, मग दुसरी, आणि त्यानंतर पुन्हा या वादात उतरावं.